तिसऱ्या पिशवीचा पत्ता

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी येऊन उभी राहते. भोंग्यावर एक गाणे लागते, ते मध्येच थांबते आणि बाईचा आवाज सांगतो, "हसी कस, ओण कस, बेरे बेरे कोडी." ओला आणि सुका कचरा वेगवेगळा द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण आमची आजी पडली चंदगडकडची. पन्नास वर्षे बेळगावात काढूनही तिची कन्नड भाजीबाजारापलीकडे गेलेली नाही. ‘ओण’ हा शब्द तिच्या कानाला ‘ओला’चा भाऊच वाटला. त्यामुळे कितीतरी दिवस ती भाजीच्या देठांची बादली ‘ओण’च्या कप्प्यात आणि कागद ‘हसी’च्या कप्प्यात ओतून येत होती, आणि गाडीवरची बाई ओरडली की वर आम्हालाच सांगत होती, "ओण म्हणजे ओलंच की! त्यात काय विचारायचं?" प्रत्यक्षात कन्नडमध्ये ओण म्हणजे सुके आणि हसी म्हणजे ओले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांना असे ठेचकाळणे नवीन नाही.

त्याहून गंमत ‘कस’ या शब्दाची आहे. कन्नडमध्ये कस म्हणजे केर, टाकाऊ वस्तू. मराठीत कस म्हणजे सत्त्व. जमिनीचा कस गेला म्हणतो, कसदार लिखाण म्हणतो. (या अंकाच्या मराठी विभागात कस किती आणि कन्नड अर्थाचा कस किती, हे संपादकांनी ठरवावे.) ओल्या कचऱ्यापुरते तरी दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. देठे, साली, उरलेला भात यांचे खत झाले की कन्नड कस मराठी कस होऊन शेतात जातो.

पण आज मला लिहायचे आहे ते ओल्याविषयीही नाही आणि सुक्याविषयीही नाही. भोंगा ज्याचे नावच घेत नाही अशा तिसऱ्या कचऱ्याविषयी लिहायचे आहे. आणि ते लिहिण्याचा मला अधिकार आहे तो अभ्यासामुळे नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमच्या आजोबांना मधुमेह आहे. सकाळी एक आणि रात्री एक अशी इन्शुलिनची दोन इंजेक्शने. शाळा सुटल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. दिवसाला दोन सुया म्हणजे वर्षाला सातशे तीस. वाणिज्य शाखेच्या मुलीने हा गुणाकार आधीच करायला हवा होता. मी केला तो घटना घडून गेल्यावर. तोपर्यंत सुई वापरली की तिला टोपण लावायचे, टोपण हरवले असेल तर तशीच कागदात गुंडाळायची आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायची, हा आमचा शिरस्ता होता. सुई ओली नाही म्हणजे सुकी, एवढे सरळ गणित.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस भुरभुरत होता. गाडीवरची बाई, जिला गल्लीतली कन्नड घरे आणि मराठी घरे सगळीच ‘अक्का’ म्हणतात, पिशव्या उघडून आतले प्लास्टिक वेगळे काढत होती. मी पायरीवर उभी होते. तिने एकदम हात झटकला आणि अंगठा तोंडाजवळ नेला.

"अक्का, एनातु?" मी विचारले.

"सूजी चुच्चितु," ती म्हणाली. सुई टोचली. तिने हातमोजा काढून दाखवला. मोजा कापडी होता. त्यातून सुई सहज आरपार गेली होती.

तिच्या हातात जी सुई होती ती मी ओळखली. आदल्या रात्री तिचे टोपण सापडले नव्हते.

आता खरे ते लिहिते. पहिली काही क्षणे मी गप्प राहिले. आई दारात आली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आपलीच कशावरून? सतरा घरच्या पिशव्या असतात." आई वाईट बाई नाही. संकट दारात उभे राहिले की माणूस आधी दार लोटून घेतो, त्यातलाच तो प्रकार. आणि मलाही ते वाक्य हवेहवेसे वाटले, हे मी नाकारत नाही. पण अक्का अंगठा दाबून रक्त काढू लागली तेव्हा मला राहवले नाही. "अक्का, सुई आमचीच आहे. आजोबांची," मी म्हणाले. तिने वर पाहिले. रागावली नाही. नुसते "हौदा?" म्हणाली. म्हणजे, हो का? तो ‘हौदा’ माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

बाबांनी तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेले, मीही रिक्षाने मागोमाग गेले. तिथे काय कळले ते सविस्तर सांगते, कारण ते सर्वांच्याच उपयोगाचे आहे. सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढायचे नाही, चोखायचे तर मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि तडक डॉक्टरकडे जायचे. अशा सुईतून तीन रोगांची भीती असते, दोन प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, आणि एच.आय.व्ही. शेवटच्यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, आणि बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्याच पाहिजेत. त्या अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात आणि पोटाला त्या सोप्या नसतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "सुई कुणाची, माहीत आहे?" माहीत होते, म्हणून त्याच दिवशी आजोबांचे रक्त तपासता आले. त्यात काही निघाले नाही. अक्काला त्या गोळ्या घ्याव्या लागल्या नाहीत, काविळीच्या लशीचा पहिला डोस तेवढा दिला. पुढच्या तपासण्याही ठीक निघाल्या. मी पायरीवर गप्पच राहिले असते तर? मग त्या बाईला महिनाभर गोळ्या आणि पुढे कित्येक महिने मनाला घोर, आणि रोज सकाळी आमच्याच दारातून केर उचलायचा.

दवाखान्यातून परत येताना बाबा म्हणाले, "आता सुया गाडीत टाकायच्या नाहीत." ठीक. मग टाकायच्या कुठे?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी एका मोठ्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार सभ्य होता. म्हणाला, "बाळ, आम्ही विकतो. परत घेत नाही." मग एका रक्त तपासणीच्या ठिकाणी गेले. तिथे वैद्यकीय कचरा नेणारी गाडी रोज येते, पण तिथल्या माणसाने सांगितले की गाडी फक्त त्यांच्या नोंदणीतला कचरा नेते, बाहेरचा त्यात मिसळता येत नाही. मग एका कार्यालयाच्या खिडकीवर गेले. तिथल्या गृहस्थांना मी मराठीत विचारले, मग कन्नडमध्ये विचारले. दोन्ही भाषांत उत्तर एकच आले, "गाडीत टाका." मी सांगितले की गाडीत टाकल्यामुळेच मी इथे आले आहे. त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

शेवटी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून आण, झाकण घट्ट लाव. माझ्या दवाखान्याच्या सुयांबरोबर देईन मी." प्रश्न सुटला. पण सुटला तो त्यांच्या भलेपणामुळे. सगळ्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर असे डॉक्टर नसतात.

मधल्या काळात मी कायदा वाचला. वर्गात कंपनी कायदा वाचताना डोळे मिटतात, हा मात्र जागेपणी वाचला. आपल्याकडे कचऱ्याच्या कायद्याला चालना मिळाली ती अल्मित्रा पटेल या बंगळूरच्या बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे. त्यातून २००० सालचे नियम आले. पुढे २०१६ साली ते बदलले, आणि त्या नियमांत मला माझी सुई सापडली. घरातल्या घातक कचऱ्याची यादीच तिथे दिली होती. रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, सी.एफ.एल. दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेला पाऱ्याचा तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, वापरलेल्या सुया आणि सिरिंज. नुसती यादी नव्हे. दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र हवे, आणि ते कोणत्या वेळी उघडे असेल ते लोकांना जाहीर कळवायला हवे, असेही त्यात लिहिले होते.

इथे मी पुन्हा गुणाकार-भागाकार केला. बेळगाव शहराचे क्षेत्र सुमारे चौऱ्याण्णव चौरस किलोमीटर. भागिले वीस. म्हणजे पाच केंद्रे. अठ्ठावन्न प्रभागांच्या शहराला पाच पत्ते! ते टिळकवाडीत, शहापुरात, वडगावात, कॅम्पात किंवा अनगोळात कुठेही असोत, ते प्रत्येक घराला पाठ असायला हवेत, अशी त्या नियमाची अपेक्षा होती. १ एप्रिल २०२६ पासून आता नवे नियम लागू झाले आहेत आणि त्यांत दोनाचे, तिनाचे नव्हे तर चार भाग सांगितले आहेत. ओला, सुका, सॅनिटरी म्हणजे डायपर-पॅडचा, आणि ‘विशेष काळजी’चा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे तापमापक, औषधे हे या चौथ्यात येतात, आणि ते अधिकृत संस्थेने न्यावेत किंवा नेमलेल्या केंद्रावर द्यावेत असे आहे. भागांची संख्या वाढली, चांगलेच झाले. पण माझ्या मते अडचण भागांची नव्हतीच. अडचण पत्त्याची आहे.

हे पटवून देण्यासाठी मी तुम्हाला आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नेते. त्याच्या दुकानापुढे कधी दहा मिनिटे उभे राहून पाहा. वर्तमानपत्राची रद्दी वेगळी, वह्यांची वेगळी, पुठ्ठा वेगळा. लोखंड वेगळे, पत्रा वेगळा, ॲल्युमिनियम वेगळे, पितळ वेगळे, तांब्याची तार सोलून वेगळी. कुठल्या नियमाने त्याला हे शिकवले? कुठल्या भोंग्याने? त्याला फक्त भाव माहीत आहे. मी त्याला सुयांची बाटली दाखवली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "ताई, ज्याला भाव आहे ते आणा की. हे काय आणायलाय!"

त्याच्या या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. ज्याला भाव असतो त्याला पत्ता आपोआप मिळतो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पाहा. ती शिशाची आणि आम्लाची, घरातल्या सर्वांत घातक वस्तूंपैकी एक. पण ती उकिरड्यावर टाकलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? नाही पाहणार. कारण नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. तीच गोष्ट रिमोटमधल्या पेन्सिल सेलची पाहा. त्याला कोणी दमडी देत नाही, म्हणून तो सरळ केरात. निलगिरी जिल्ह्यात २०२२ साली दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घेऊन, बाटली परत आणली की ते परत द्यायला सुरुवात झाली. न्यायालयाच्या धाकाने का होईना, रानात फुटून हत्तींच्या पायांत जाणाऱ्या बाटल्यांना त्यामुळे दुकानाचा पत्ता मिळाला. आमच्या लहानपणी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय अनामत मिळत नसे, तीच युक्ती.

ज्याला भाव नाही त्याचे काय? इथे मला आमच्या हिशेबाच्या पहिल्या तासाची आठवण होते. प्रत्येक नावे नोंदीला जमा नोंद असलीच पाहिजे. एका खात्यातून गेले ते दुसऱ्या खात्यात दिसलेच पाहिजे, नाहीतर तेरीज जुळत नाही. आम्ही सुई पिशवीत टाकली तेव्हा आमच्या घरच्या खात्यातून ती गेली आणि आम्ही समजलो की व्यवहार संपला. तो संपला नव्हता. ती अक्काच्या अंगठ्यावर नावे पडली. ट्यूबलाइट फुटते तेव्हा तिच्यातला थोडासा पारा हवेत जातो, तोही कुणाच्या तरी श्वासावर नावे पडतो. औषधाच्या गोळ्या मोरीत टाकल्या तर त्या नाल्याच्या खात्यावर. कचरा ‘टाकला’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे म्हणजे तो ‘दिला’ असतो. कुणाला, ते तेवढे आपण विचारत नाही.

माझ्या वर्गात उचगावकडचा एक मुलगा आहे. वेंगुर्ले रस्त्यावर हिंडलगा, सुळगा, उचगाव अशी गावे ओलांडली की पुढे तुरमुरी लागते. आपल्या शहराचा कचरा तिथे जातो. तो म्हणाला, "तुमच्या गल्लीत गाडी येते ती तुम्हाला ‘येते’ वाटते. आमच्याकडनं बघितलं तर ती ‘निघालेली’ असते." मी शहापूर-टिळकवाडीच्या पलीकडचा विचार यापूर्वी केलाच नव्हता. आमच्या सुया वर्षानुवर्षे त्याच्या गावावरून पुढे गेल्या आहेत.

गंमत अशी की हाच रस्ता पुढे आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जातो. आणि वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेने जुन्या डंपिंगच्या जागेवर कचरा वेगळा करण्याची अशी व्यवस्था उभी केली की लोक ती पाहायला जातात. प्लास्टिकचे तुकडे रस्त्यात, ओला कचरा गॅसमध्ये. दुसऱ्या बाजूने चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे पणजीत वसाहतींमधून कचऱ्याचे सोळा भाग करायला लोकांना शिकवले. सोळा! आपण दोनावर अडखळतो, तेही आजीच्या ‘ओण’मुळे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना १९९३ पासून आहे आणि २००८ पासून त्यांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा नेते. त्यांनीच लोकांना सांगितले की पॅड-डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही. एका लाल पेनाचा खर्च! आणि ही कल्पना निघाली ती जिचा हात पिशवीत जातो तिच्या डोक्यातून. मी आता आमच्या सुयांच्या बाटलीवरही लाल ठिपका काढते.

इंदूरचे नाव काढल्याशिवाय हल्ली कचऱ्यावर लेख लिहिता येत नाही असे दिसते. २०१७ पासून ते शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. त्याबद्दल आदर आहेच. पण आपल्याकडचे लोक इंदूरचे नाव घेतात ते बहुधा "तिथली माणसेच वेगळी" हे सांगण्यासाठी. हे मला मान्य नाही. तिथेही आपल्यासारखीच माणसे आहेत, मराठी बोलणारी घरे तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांच्याही आज्या असतील. फरक इतकाच की तिथे कुठली वस्तू कुठे द्यायची हे गाडीच सांगते. गाडीलाच दोनापेक्षा जास्त कप्पे आहेत.

यावर मला दोन आक्षेप ऐकवले गेले. पहिला आमच्या वर्गातल्या एका हुशार मित्राचा. "पत्ता दिला तरी कोण जाणार बे? लोकांना उकिरडा दारात पाहिजे." मी वर्गातच एक प्रयोग केला. विचारले, जुना चार्जर, बंद पडलेला मोबाइल, हेडफोनच्या तुटक्या वायरी कुणाच्या घरी पडून आहेत? सगळ्यांचे हात वर. ते का ठेवले आहेत? कोणी म्हणाले टाकवत नाही, कोणी म्हणाले टाकायचे नसतात असे ऐकले आहे. मग ते कुठे द्यायचे हे कुणाला ठाऊक आहे? एकही हात वर आला नाही, माझाही नाही. हुशार मित्राच्या घरी तर तीन मोबाइल पडून निघाले. म्हणजे लोक टाकायला आळशी नाहीत, उलट वर्षानुवर्षे कपाटात जपून वाट पाहत बसले आहेत. देशात विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याचा पहिला कायदा लागू झाला तो मे २०१२ मध्ये, आणि तो सुधारून नवा आला तो एप्रिल २०२३ मध्ये. या सगळ्या काळात कपाटाचा तो कप्पा भरतच राहिला आहे.

दुसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. तो बाबांनी घेतला. ते म्हणाले, "पत्त्याचा फलक लावला की आधी त्याच्या भाषेवरून भांडण लागेल. मग फलक राहील बाजूला." बेळगावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. मी त्या वादात पडत नाही. तो माझ्यापेक्षा जुना आहे आणि मोठ्यांचा आहे. माझे म्हणणे एवढेच की हा फलक अक्कालाही वाचता आला पाहिजे आणि आमच्या आजीलाही. अक्का कन्नड अक्षरे जेमतेम जुळवते, आजीला कन्नड येत नाही. म्हणून दोन्ही भाषा हव्यात आणि त्यांच्याही आधी चित्रे हवीत, सुईचे, दिव्याचे, सेलचे, गोळ्यांच्या पाकिटाचे. चित्रावर आक्षेप घेणे जरा अवघड जाईल.

आणि फलक नकोच असेल तर माझ्याकडे त्याहून स्वस्त तोड आहे. वर्षातून एकदा प्रत्येक घरात घरपट्टीचा कागद येतो. तो कोणी रद्दीत घालत नाही, फायलीला लावून ठेवतो, कारण पावतीला भाव आहे! त्याच्या पाठीमागची बाजू कोरी असते. तिथे छापा. सुया कुठे, औषधे कुठे, दिवे कुठे, सेल आणि वायरी कुठे, कोणत्या वारी, किती ते किती. पत्ता आणि वेळ, एवढेच. ‘स्वच्छ शहर सुंदर शहर’ वगैरे काही नको, तेवढ्या जागेत आणखी एक पत्ता बसेल.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर आपण घरपट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. जिन्याखाली जिथे मोडकी बाके रचली आहेत तिथे दोन पेट्या बसतील. एक सेलसाठी, एक वायरी आणि चार्जरसाठी. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दरवर्षी शिबिरात झाडू मारतात, त्यांनी या वर्षी झाडू थोडा बाजूला ठेवून एक काम करावे. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याशी पत्रव्यवहार करून या पेट्या सहा महिन्यांतून एकदा कोण नेईल ते ठरवावे. ते ठरल्याशिवाय पेटी ठेवू नये, नाहीतर जिन्याखाली आणखी एक कपाट तयार होईल. सुया मात्र महाविद्यालयात आणू नयेत. त्या घरीच जाड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवाव्यात, फिनेलची किंवा कपड्याच्या साबणाची रिकामी बाटली चांगली. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, त्यातच बोटाला टोचते. सुई सरळ बाटलीत सोडावी. पाऊण भरली की झाकण लावून वर चिकटपट्टी गुंडाळावी आणि ओळखीच्या डॉक्टरांना विचारावे. घरात ट्यूब किंवा दिवा फुटला तर आधी खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर जावे, मग केरसुणीऐवजी पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

हे सर्व मला आज माहीत आहे. गेल्या श्रावणात माहीत नव्हते, आणि त्याची किंमत मी दिली नाही, ही गोष्ट मला टोचत राहते. हिशेबाच्या भाषेत ते देणे अजून माझ्या नावावर आहे. दिवाळीला आईने अक्काला फराळ आणि साडी दिली. तिने घेतली, नमस्कारही केला. आईला बरे वाटले. मला वाटले नाही.

नंतर एक गोष्ट केली. बाबांनी गल्लीत चार घरांकडून वर्गणी काढून अक्का आणि तिच्या जोडीदारासाठी जाड रबरी हातमोजे आणले. तिने ते दोन दिवस वापरले आणि मग पुन्हा कापडी घातले. विचारले तर म्हणाली, रबरी घातले की घाम येतो आणि पिशवीची गाठ सुटत नाही. तिचे खरे आहे. गाठ आपण मारतो, सोडायची तिला असते. म्हणून आता आम्ही सुक्या कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारत नाही, तोंड उघडेच ठेवतो. आजीने हे एकदम मान्य केले. हसी आणि ओण मात्र तिचे अजूनही अधूनमधून उलटे होतात.

स्वयंपाकघरात फळीवर आता दोन बादल्यांच्या शेजारी फिनेलची जुनी पांढरी बाटली असते, लाल ठिपक्याची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती डॉक्टरांकडे नेते. परवा ते म्हणाले, पुढच्या वर्षी दवाखाना बंद करून मुलाकडे जायचा विचार आहे. मी काही बोलले नाही.

सकाळी गाडी आली की अक्का आमची पिशवी हातात घेते आणि उघडण्याआधी विचारते, "सूजी इल्लल्ल?"

"इल्ल अक्का," मी म्हणते. ती पिशवी उघडते, तरी आधी जरा हलवून पाहते.